स्कॅनच्या खोलीतली सोबत

आमच्या घरात दूध नासलं तरी नजर कुणाची लागली याची आधी चर्चा होते. मी तेवढ्यात ते दूध ओतून देऊन भांडं घासायला घेते. स्वभावच तसा आहे माझा. भानामतीच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले, अंगात येणाऱ्या बाया अगदी जवळून पाहिल्या, आणि दर वेळी मनात एकच यायचं – ही बाई घुमायची कधी थांबणार आणि मी भाकरी कधी टाकणार. भीती वाटायची नाही, कंटाळा यायचा. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की हिला असलं काही दिसायची सवयच असेल... मला काहीही दिसलेलं नाही. आजपर्यंत नाही. जे दिसलं ते दुसऱ्याला दिसलं, आणि सगळे म्हणतात की ती मीच होते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. दुपारी हात रिकामे झाले की सुनेच्या मोबाईलवर लोकांनी लिहिलेले अनुभव वाचते. तिथं बायकाही लिहितात, म्हणून वाटलं आपणही लिहावं. पाठवीन की नाही ते ठरलेलं नाही. तोंडानं सांगायला गेले तर कुणी ऐकून घेत नाही, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आमचं गाव राजूरहून भोकरदनकडे जाताना रस्त्यापासून जरा आत आहे. दोघं भाऊ, चुली दोन, अंगण एक. मोठी जाऊ सुभद्रा – तिला सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या वाटचं बोलणं अक्कानंच केलं. बांगडीवाल्याशी घासाघीस तिनं करायची, शाळेत माझ्या पोराच्या मास्तरांना भेटायला तिनं जायचं. एसटीत बसलो तर आमचं गाव आल्यावर "थांबवा हो" असं तिनंच ओरडायचं. मला लोकांसमोर बोलता येत नाही. कुणी रागावलं तर मी आधी "चुकलं" म्हणते आणि काय चुकलं ते मागून बघते. अक्का उंच, हाडापेरानं मोठी, आवाज असा की शेतातून हाक मारली तर घरात ऐकू यावी. अशी बाई खोकायला लागली.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळेच खोकतात. भोकरदनला एक्सरे काढला, त्यात पांढरा डाग आला, डॉक्टर म्हणाले टीबी असेल, औषध सुरू करू. टीबीच्या गोळ्या अक्कानं न चुकता खाल्ल्या. लघवी लाल व्हायची, अन्न जायचं नाही. खोकला होता तिथंच. पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं तेव्हा तिचा मुलगा रमेश – तो जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात आहे – सुट्टी काढून आला आणि तिला जालन्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्यांची काही चूक नाही.

सोबतीला मी होते. तिथं स्कॅन झाला. फुफ्फुसात, पाठीच्या बाजूनं, गाठ. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली. मला तर फोडलेल्या सीताफळासारखंच दिसलं सगळं, त्यात गाठ कोणती आणि चांगलं कोणतं ते कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, "फोटोत गाठ दिसते, पण ती कशाची आहे ते दिसत नाही. टीबीची असू शकते, कॅन्सरची असू शकते. सुईनं छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. बायॉप्सी. त्याशिवाय कोणतं औषध द्यायचं ते आम्ही ठरवू शकत नाही."

घरी आल्यावर तुकडा हा शब्द अंगणात फिरायला लागला. परतूरहून अक्काचे भाऊ आले. त्यांनी सांगितलं, गाठीला लोखंड लागलं की गाठ भडकते, आमच्या गावच्या अमक्याला सुई लावली आणि तो महिन्यात गेला. रमेश म्हणाला, "मामा, तो आधीच मरायला टेकला होता, म्हणून तर सुई लावली." मामा म्हणाले, "तू लई शिकलास." असं दोन-तीनदा झालं. शेवटी अक्काच म्हणाली, "लावा सुई. खोकून खोकून मरण्यापरीस जल्दी मरते." आणि आम्ही गेलो.

सुई लावणारे डॉक्टर संभाजीनगरहून यायचे, ठरलेल्या वारी. अंगावरचं सगळं काढून ठेवा म्हणाले – मंगळसूत्र, जोडवी, कानातलं. अक्का अडून बसली. मग मी हळकुंड दोऱ्यात बांधून तिच्या गळ्यात घातलं. आमच्याकडं मंगळसूत्र काढावं लागलं तर गळा रिकामा ठेवत नाहीत. नर्सनं पाहिलं आणि काही बोलली नाही, तिला ठाऊक असावं. बाकीचं रुमालात बांधून मी मुठीत धरलं आणि बाहेर बेंचवर बसले. थोड्या वेळात आत गडबड झाली, दार उघडलं, आणि अक्का स्वतःच्या पायानं बाहेर आली. दवाखान्याचा हिरवा झगा, पाठ उघडी, मागं नर्स पळते आहे. "चल मंदा," अक्का म्हणाली, "घरी चल."

बधिर करायचं इंजेक्शन झालं होतं. सुई लावायची वेळ आली तशी ती उठून बसली होती. डॉक्टर रागावले नाहीत, पण रमेशला बाजूला घेऊन म्हणाले, सुई आत असताना हलल्या असत्या तर फुफ्फुस फाटलं असतं. असं करता येणार नाही.

मी रिक्षात विचारलं, "लई दुखलं का अक्का?"

"दुखलं न्हाई गं." ती बाहेर बघत होती. "पालथं पाडलं मला. पाठीवर खुणा केल्या. आन् मंग सगळे निघून गेले. दार लावलं. एक माणूस न्हाई. ते मशीन हिंदीत बोलतं, सांस रोको म्हणून. मला वाटलं मेले मी. मेलेल्यापाशी बी कुणीतरी बसतं."

खरं आहे ते. आमच्याकडं सोबतीशिवाय काही होत नाही. बाळंतिणीला सोबत लागते, नव्या नवरीला लागते, अंधार पडल्यावर परसाकडं जाताना लागते. प्रेतसुद्धा एकटं ठेवत नाहीत, कुणीतरी भिंतीला टेकून जागं बसतं. दवाखान्यात तर बाईमाणूस एकटं कधी जातच नाही. आणि त्या खोलीत मात्र मशीन चालू होताना सगळ्यांना बाहेर यावं लागतं, किरणं असतात म्हणून. डॉक्टर येतात, सुई थोडी सरकवतात, पुन्हा बाहेर जातात, पुन्हा फोटो. बाई पाठीत सुई घेऊन एकटी पडून राहते. त्यांच्या कामाची रीतच तशी आहे, कुणाचा दोष नाही. पण अक्काला ते सोसलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस ती जायचं नाव घेईना. खोकला वाढला. रात्री भिंतीपलीकडून ऐकू यायचा. औषध नाही, कारण तुकडा नाही. रमेश दर रविवारी यायचा, आईच्या पायाशी बसायचा आणि तसाच परत जायचा. एकदा तो रडला. तेव्हा अक्का म्हणाली, "मंदा आत येनार असंल तर येते."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, येईन.

रमेशनं फोन करून विचारलं तर दवाखान्यानं नाही म्हणून सांगितलं. तो मला म्हणाला, "काकू, तिला आता काही सांगू नका. तिथं गेल्यावर बघू." तिथं गेल्यावर अक्काला चाकाच्या खाटेवरून आत नेलं, मी मागोमाग निघाले, आणि मशीन चालवणारे सलीमभाई दारात हात आडवा करून म्हणाले, "मौशी, तुम्ही इथंच. आत अलाऊड न्हाई." मी तोंड उघडलं. आवाज काही आला नाही. दार लागलं. रमेशला खालून कसलीतरी बाटली आणायला पाठवलं होतं. मी बेंचवर बसले, मुठीत तो दागिन्यांचा रुमाल.

मी जागी होते असं मी म्हणते. आदल्या रात्रीचं जागरण होतं, पहाटे उठून डबा केला होता, राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी होती म्हणून एसटीत उभ्यानं आलो होतो. इतकं थकलेलं माणूस किती खात्रीनं सांगणार... पण बेंचवरून उठले नाही एवढं पक्कं. रुमाल सोडून मी कुठं जाणार होते. समोरच्या भिंतीवर गरोदर बाईचं चित्र होतं, त्याखाली लिहिलेलं वाचत होते. तेच तेच वाचत होते.

सलीमभाई बाजूच्या काचेच्या खोलीतून तरातरा आले. थेट माझ्यासमोर.

"मौशी, आत कशाला गेल्ता तुम्ही?"

मी चित्रावरून नजर काढून वर पाहिलं.

"मशीन चालू व्हती. तुम्हाला काही समजतं का? किरणं असतात आत. मी माईकवर आवाज देऊन राह्यलो, बाहेर या बाहेर या, आन् तुम्ही बिलकुल ऐकत न्हाई. मंग मशीन थांबवून दार उघडतो तं तुम्ही गायब. पलीकडच्या दारातून निघालात ना?"

मी म्हणाले, "चुकलं."

सवयीनं म्हणाले. आजही आठवलं की स्वतःचा राग येत नाही, दमल्यासारखं होतं फक्त. तो माणूस घाबरला होता, मी खरंच आत गेले असते तर नोकरी त्याची गेली असती. तो म्हणाला, "पुन्हा असं करू नका," आणि गेला. मग मला कळायला लागलं की तो काय बोलून गेला.

पुढं सगळं सुरळीत झालं. सुईवाले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "चांगला तुकडा मिळाला. मागच्या वेळी पळाल्या त्या ह्याच बाई का? आज दगडासारख्या पडून होत्या." अक्काला बाहेर आणून दुसऱ्या खोलीत झोपवलं, काही तास हलायचं नव्हतं. मी जवळ गेले तशी तिनं डोळे उघडले आणि हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

"आलीस बघ शेवटी," ती म्हणाली.

"अक्का, मी..."

"सुई पाठीत व्हती. सगळे गेले. मशीन बोलायला लागलं. मी उठायच्या बेतात व्हते, खरं सांगते. तेवढ्यात तू हात धरलास. डोक्यावर दुसरा हात ठेवलास, दाबून. मंग मला कशाचं काही वाटलं न्हाई."

"मी काही बोलले का?" हे मी का विचारलं मला माहीत नाही.

"तू कुठं बोलतीस," अक्का म्हणाली. "तू बोलली असतीस तं मी उठूनच बसले असते, ही कोण म्हणून."

गाडीतून घरी येताना मी सांगितलं. "अक्का, मी आत आले नव्हते. मला दारातच थांबवलं होतं." ती माझ्या मांडीवर थोपटत म्हणाली, "असू दे. त्या माणसानं रागं भरलं म्हणून भ्यायलीस तू. मी सांगत न्हाई कुणाला."

आणि तिनं सगळ्या गावाला सांगितलं. दळणाला आलेल्या बायकांना, सोसायटीच्या दुकानात, फोनवर परतूरला. मंदानं दार ढकललं, मशीनला भ्यायली न्हाई, डॉक्टरला भ्यायली न्हाई, येऊन माझा हात धरला. बायका माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या. आमचे हे म्हणाले, "तू? तू तं कंडक्टरला उतरायचं सांगत न्हाईस." मी म्हणाले, "अहो, मी गेलेच नव्हते." ते म्हणाले, "मंग तो मशीनवाला काय खोटं बोलतो?"

तिथंच सगळं अडतं. लोक म्हणतात भुताखेताचं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. माझं उलटं आहे. साधी गोष्ट सगळ्यांना पटलेली आहे – जाऊ आत गेली, हात धरला, बाहेर आली. ती झाली नाही असं मी एकटी म्हणते. रमेशला मी नीट सांगितलं, तर तो म्हणाला, "काकू, तुम्ही दमल्या होत्या. झोपेत उठून गेला असाल. होतं असं." मुठीतल्या रुमालाची गाठसुद्धा सुटली नव्हती, असं म्हणाले तर म्हणाला, "रुमाल हातात धरूनही जाता येतंच की." खरं आहे. जाता येतं.

रिपोर्ट आला. कॅन्सर होता. अक्कानं जन्मात विडी ओढली नाही, चुलीपुढं मात्र जन्म गेला. पण डॉक्टर म्हणाले, तुकड्याची आणखी तपासणी केली, ह्या जातीच्या कॅन्सरवर गोळी आहे, रोज एक घ्यायची, केस जात नाहीत. परतूरच्या मामांनी लोखंडाचं नाव पुन्हा काढलं नाही. गोळी लागू पडली. अंगावर पुरळ उठायचं, नखं दुखायची, पण खोकला गेला, आवाज परत आला. पुन्हा शेतातून हाका ऐकू यायला लागल्या. पुन्हा माझ्या वाटचं बोलायला लागली. दीड-एक वर्ष असं चांगलं गेलं. मी तो विषय सोडून दिला होता. दळणाच्या बायकांनाही दुसरे विषय मिळाले होते.

मागच्या उन्हाळ्यात खोकला परत आला.

स्कॅनमध्ये गाठ वाढलेली. डॉक्टर म्हणाले, कधीकधी गाठ गोळीला दाद देईनाशी होते. दुसरं औषध आहे, पण ते चालेल की नाही त्यासाठी पुन्हा तुकडा बघावा लागेल. अक्कानं मान हलवली. भ्यायली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "येशील ना? मागल्या वेळसारखी?"

ती तारीख येईपर्यंत मला धड झोप लागली नाही. सगळ्यांना वाटत होतं मी एकदा गेले तर दुसऱ्यांदा जाईन. आणि जी गोष्ट मी केलीच नव्हती ती दुसऱ्यांदा कशी करायची हे मला कळत नव्हतं. मी बाहेर बसले आणि आत कुणी आलं नाही तर? अक्का वाट बघणार. पाठीत सुई घेऊन वाट बघणार, मान वळवणार, उठणार. त्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते ते मला पाठ होतं.

म्हणून मी बोलले. मी सुईवाल्या डॉक्टरांच्या खोलीत गेले, रमेशला न सांगता, एकटी. म्हणाले, "साहेब, मला आत थांबू द्या. ती एकटी राहिली तर उठेल." ते म्हणाले, नियमात बसत नाही. मी तिथंच उभी राहिले. दुसरं काय बोलायचं ते सुचत नव्हतं आणि बाहेर जायला पाय उचलत नव्हता. बराच वेळ झाला. मग ते म्हणाले, "वय काय तुमचं? गरोदर नाही ना?" मला मोठी सून आहे, मी काय सांगू. मी जमिनीकडं बघून नाही म्हणाले. "मग शिशाचा कोट घाला आणि सांगतील तिथं उभ्या राहा. हलायचं नाही."

कोट घालायला सलीमभाईच आले. त्यांनी मला ओळखलं. "त्याच ना मौशी तुम्ही? आता कसं, बराबर परवानगी काढून."

तो कोट फार जड असतो. ओल्या गोधडीसारखा. तो बांधत असताना मी विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी काय दिसलं होतं?"

"तुम्हीच. डोक्यावर पदर, वाकून उभ्या व्हत्या पेशंटजवळ."

"तोंड दिसलं होतं?"

त्यांनी जरा विचार केला. "तोंड कसं दिसंल. पाठ व्हती तुमची माझ्याकडं." मग माझ्याकडं खालपासून वर पाहिलं, काहीतरी बोलणार होते, पण आतून हाक आली.

आत थंडी होती. अक्का पालथी पडलेली, तोंड दुसरीकडं, एक हात पुढं आलेला. सुई लागली. सगळे गेले, दार लागलं. मी तिचा हात हातात घेतला.

ती लगेच शांत झाली. मशीन बोललं, सांस रोको. खाट सरकली, थांबली. आणि तिची बोटं हलायला लागली. आधी मला वाटलं कळ आली असेल. पण ती माझा हात चाचपत होती. अंगठा, मनगट, बांगड्या, पुन्हा बोटं. माझे हात लहान आहेत, लहान मुलीसारखे, त्यावरून लग्नात सगळे हसले होते. तिचे खांदे ताठ झाले. ती मान वळवायला लागली.

"मी हाय अक्का," मी म्हणाले. "मी मंदा. हालू नका."

माझा आवाज त्या खोलीत केवढा मोठा आला. काचेपलीकडं सलीमभाईंनी मान वर केली. "सुई हाय पाठीत. हालू नका. मी हाय इथं." मी तेच तेच म्हणत राहिले, डॉक्टर आत आले तरी म्हणत होते. ती हलली नाही. पण हातात पहिल्यासारखा सैलपणा आला नाही. लाकडासारखा हात धरून मी उभी होते.

तुकडा मिळाला. बाहेरच्या खोलीत तिला झोपवलं. रमेश चहा आणायला गेला. अक्का वर पंख्याकडं बघत होती. मग म्हणाली, "हात दाखव तुझा."

मी पुढं केला. तिनं स्वतःचा पंजा त्यावर ठेवला. तिचा पंजा चहूबाजूंनी बाहेर राहिला.

"हा न्हवता," ती म्हणाली.

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"तू म्हणली व्हतीस मला. गाडीत. आले न्हाई म्हणून."

"म्हणले होते."

"मला वाटलं भ्यायलीस." ती पुन्हा पंख्याकडं बघायला लागली. "माझा सगळा हात मावला व्हता गं त्या हातात. लहानपणी मावतो तसा."

रमेश चहा घेऊन आला. घरी गेल्यावर तिनं ह्यातलं कुणाला काही सांगितलं नाही. गावाच्या लेखी अजूनही दोन्ही वेळेला मीच गेले होते.

रमेशचं म्हणणं असं की पहिल्या वेळी बधिर करायच्या औषधानं तिला तसं वाटलं असेल आणि सलीमभाईंना काचेत कुणाची तरी सावली दिसली असेल. असेल. मी शिकलेली नाही, मला नाही म्हणता येत नाही. एकाच वेळी दोघांना, एकीला हात आणि एकाला पाठ... त्याचं काय, असं विचारलं की तो मोबाईल बघतो. त्याचाही दोष नाही. आईचं दुखणं काढून तोही थकला आहे. तो हात कुणाचा, याचा मी पुष्कळ विचार केला. अक्काची आई ती लहान असतानाच गेली, पण गेलेलं माणूस तर सगळ्यांच्याच घरात असतं. मग सगळ्यांनाच हात का मिळत नाही. ह्याच्यापुढं माझा विचार जात नाही.

नवं औषध चालू आहे. ते किती दिवस पुरेल ते डॉक्टर सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही. दर काही महिन्यांनी स्कॅन असतो. आता सुई नसते, नुसता फोटो. मागच्या वेळी मी आपण होऊन सलीमभाईंना म्हणाले, "कोट द्या, मी येते." मला आता तेवढं बोलता येतं. ते कोट काढायला वळले, तेवढ्यात अक्कानं खाटेवरून माझा पदर ओढला.

"तू आत येऊ नको," ती हळूच म्हणाली. "बाहेरच बस."

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं दाराकडं पाहिलं.

तेव्हापासून मी बाहेर बसते. दार लागतं, वरचा लाल दिवा लागतो. ती बाहेर येते, मी तिचं मंगळसूत्र तिच्या गळ्यात घालते, आणि आम्ही एसटी स्टँडकडं निघतो. आत काय झालं ते मी विचारत नाही. तीही सांगत नाही.